देवकापूस आणि माझी साखर

लग्न होऊन शेवगावला आले तेव्हा कापूस गादीत असतो, एवढंच मला ठाऊक होतं. माहेर राजूरचं, पार डोंगरातलं. तिकडे भात, नाचणी, वरई आणि पावसाळ्यात चार महिने न वाळणारी घोंगडी. शेवगावात सगळंच उलटं. जमीन काळी, आभाळ कोरडं, आणि हंगामात सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीच्या रस्त्यावरच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस लटकलेला. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी यांना विचारलं, “बाभळीला पण लागतो का कापूस?” ती गोष्ट यांनी पुढे वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली.

मी आले ती बहात्तरचा दुष्काळ सरता सरता. माझ्या पाठोपाठ त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला आणि गल्लीत माझा पायगुण चांगला ठरला. फुकटात मिळालेलं नाव होतं, पण मला आवडलं. मी मॅट्रिक झालेली होते, तोंडानं फटकळ होते, आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. नव्या सुनेच्या अंगी यातलं एकही असू नये म्हणतात. माझ्याकडे तिन्ही होती.

घरात माणसं तीनच. बाजार समितीत कारकून असलेले आमचे हे, माझे सासरे, म्हणजे मामंजी, आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, ऐन दुष्काळात गेल्या. मी त्यांना पाहिलंच नाही. दोन खोल्यांच्या मागे लहानसं परसू होतं. त्यात धुण्याचा दगड, तुळस आणि देवकापसाचं एक झाड. पुरुषभर उंचीचं, पसरलेलं, पिवळ्या फुलांचं. ते सासूबाईंनी लावलेलं. दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं तेव्हाही भांडी विसळलेलं पाणी त्या या झाडाला घालायच्या. झाड तगलं आणि त्या गेल्या.

त्या गेल्या तेव्हा त्यांचं एक काम अर्धं राहिलं होतं. त्यांनी लक्ष वातींचं व्रत धरलं होतं. देवकापसाच्या एक लाख वाती स्वतःच्या हातांनी वळायच्या आणि त्रिपुरी पौर्णिमेला तुपात भिजवून देवापुढे लावायच्या. त्यांचा संकल्प असा, की कापूस आपल्या दारच्या झाडाचाच हवा. चौऱ्याऐंशी हजार वाती वळून झाल्या होत्या. शंभर-शंभरच्या जुड्या दोऱ्यानं बांधून त्यांनी पितळी डब्यांत भरून ठेवल्या होत्या. सोळा हजार राहिल्या.

त्या राहिलेल्या वाती मामंजींनी वळायला घेतल्या.

मामंजींचं सगळं आयुष्य जिनिंगमध्ये गेलं. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, धागा ओढून पाहायचा आणि त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. गाडीवान त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे म्हणे. असा माणूस परसात तरटावर मांडी घालून बसायचा, बोटांना राख लावायचा आणि पेरभर लांबीच्या वाती वळायचा. गल्लीतल्या बायका पदराआड हसायच्या. पुरुष तोंडावर हसायचे. एकानं तर विचारलं, “अण्णा, आता हळदीकुंकवाला बी येनार का?” मामंजी मान वर न करता म्हणाले, “बोलावलं तर यीन की.”

एकदा मीही न राहवून विचारलं, की सगळं गाव कापसानं भरलंय, मूठभर मागितला तर कोण नाही म्हणेल? 

“गावचा कापूस मी चाळीस वर्सं हाताळला, पोरी,” ते म्हणाले. “तिनं आपल्या दारचा म्हनलं हुतं. तिनं म्हनलं ते म्या तवा कदी ऐकलं न्हाई. आता तरी ऐकतो.”

आणि घाईही होती. जिनिंगची धूळ त्यांच्या छातीत बसली होती. सकाळी खोकल्याची उबळ आली की पाणी घेऊन मी दारात उभी राहायची. येत्या वर्षीच्या त्रिपुरीला वाती लागल्याच पाहिजेत, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. “त्याच्या पुढच्या त्रिपुरीला मी असंन, नसंन,” असं ते हवापाण्याचं बोलावं तसं बोलायचे. दुष्काळात झाडाला बोंडं धरलीच नव्हती. यंदा झाड मात्र बोंडांनी लगडलं होतं. म्हणजे सगळा हिशेब या एका बहरावर होता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुढे मी जो पराक्रम केला तो अजाणता केला असं म्हणायला जागा नाही.

झाडावर मुंग्या फार. बारीक काळ्या मुंग्या होत्याच, पण मोठे मुंगळेही होते. बुंध्यावरून त्यांची रांग सारखी वरखाली चालू असायची. मार्गशीर्षात पहिली बोंडं उमलली. मामंजींनी एक काढायला हात घातला आणि मुंगळ्यानं त्यांच्या तर्जनीचं टोक धरलं. मुंगळा एकदा चिकटला की तुटेल पण सोडणार नाही. ते बोट पुरीसारखं फुगलं आणि तीन दिवस एक वात वळता आली नाही. ते तीन दिवस मामंजी परसात येरझाऱ्या घालत होते. जुनं मांजर घरात कोंडल्यावर जसं करतं तसं.

शेजारच्या काकू ढेकणांची पावडर घेऊन आल्या. “बुडाशी भुरभुरा, उद्या सकाळी एक मुंगी दिसली तर नाव बदला,” म्हणाल्या.

मामंजींनी डबा परत दिला. “न्हाई. तिच्या झाडावर ईख न्हाई घालायचं. एकदा मी घालाया गेल्तो तर तिनं माझ्या हातातनं हिसकून घेतलं हुतं.”

“का बरं?” मी विचारलं.

“लई बोलली तवा. काय बोलली, ध्येनात न्हाई. मी कामावर चाललो हुतो.”

मला हे पटलं. व्रताचं झाड आणि मुंग्या मारायच्या, हे काही बरं नव्हे. पण मुंगळे असेच राहिले तर वाती कशा होणार? मी विचार केला, आणि मला फार हुशारीची युक्ती सुचली.

माझी आई रोज पहिली भाकरी थापायच्या आधी चिमूटभर पीठ मुंग्यांना घालायची. सणावाराला त्यात साखर. घासातला घास द्यावा, एवढंच तिचं म्हणणं. मीही शेवगावात आल्यापासून हे अधूनमधून करत होते. आता मी ठरवलं, की हेच रोज करायचं, पण झाडापासून लांब, धुण्याच्या दगडाच्या पलीकडे. साखर-पीठ तिथे मिळालं की मुंग्या झाड सोडून तिकडे जातील. त्यांचं पोट भरेल, मामंजींचं बोट वाचेल, आणि पुण्य वर. एका दगडात तीन पक्षी, आणि एकही न मारता.

साखर तेव्हा रेशनवर मिळायची. मी माझ्या चहातली साखर बंद केली. हे सांगताना आजही मला थोडी फुशारकी वाटते, म्हणजे माझा स्वभाव किती सुधारला ते दिसतंच.

युक्ती लागू पडली. चौथ्या दिवशी बुंध्यावरची रांग विरळ झाली. आठवड्यात झाड मोकळं. सगळी मुंगी जमात धुण्याच्या दगडापलीकडे जमलेली. मी वाटी घेऊन जायची वेळ त्यांना ठाऊक झाली असावी, कारण मी जाण्याआधीच त्या येऊन थांबलेल्या असत. मामंजींनी बिनघोर झाडात हात घातला, बोंडं काढली आणि म्हणाले, “डोकं हाय पोरीला.” मामंजींच्या तोंडून कौतुक म्हणजे दुष्काळातला पाऊस. मी ते वाक्य माहेरच्या पत्रात लिहून कळवलं.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. बोंडं आता भराभर उमलायला हवी होती. पण उमलत होती ती वाकडीतिकडी. एक पाकळी उघडलेली, दोन मिटलेल्या. आत पांढरा कापूस नव्हताच. पिवळट, डागाळलेला, चिकट लगदा. मामंजींनी एक बोंड फोडलं. आत अळी होती, आणि अळीची घाण. त्यांनी दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. मग तरटावर बसले आणि नुसतं एवढंच म्हणाले, “कवडी झाली.”

कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. जिनिंगमध्ये तो मामंजी एका नजरेत बाजूला काढत. आता ती कवडी त्यांच्याच दारात, त्यांच्याच मांडीवर पडली होती.

मी एका डब्यात पाणी आणि थोडं रॉकेल घेऊन अळ्या वेचायला लागले. सकाळी वेचायच्या, संध्याकाळी वेचायच्या. दुसऱ्या दिवशी तितक्याच. कोवळ्या पात्यांना, म्हणजे कळ्यांना, भोकं, फुलांना भोकं. काकू म्हणाल्या, यंदा सगळीकडेच रोग आहे. मी ते आनंदानं मानलं. दुसऱ्याच्या शेतातही रोग आहे म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, हा माणसाचा गुण काही चांगला नाही.

आणि मग रेशनची साखर आली नाही.

दुकानदार आज-उद्या करत राहिला आणि आठवडा गेला. घरातली साखर मी चहासाठी राखली आणि मुंग्यांचा रतीब बंद केला. पहिले दोन दिवस त्यांनी धुण्याच्या दगडाभोवती वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी साखरेचा डबा शोधून काढला. सकाळी यांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “आज वेलदोडे जास्त पडलेत का?” मी कपात पाहिलं. मग डबा पाण्याच्या परातीत ठेवला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी साखरेचा डबा परातीतच राहिला.

घरातली वाट बंद झाल्यावर मुंग्या झाडाकडे वळल्या. मी अळ्या वेचत होते. उन्हं नुकतीच आली होती. एक मुंगळा माझ्या समोरच्या पानावर चढला. मी हात मागे घेतला. तो पानाच्या खालच्या बाजूला गेला आणि मधल्या जाड शिरेवर एका जागी थांबला. हलेना. मुंगळा थांबलेला मी कधी पाहिला नव्हता, त्याला नेहमी कुठेतरी जायची घाई असते. मी पान हळूच उलटं केलं. शिरेवर एक बारीक खड्डा होता, आणि त्यात पाण्यासारखा थेंब. मुंगळा तो पीत होता.

मी शेजारचं पान उलटलं. तिथेही शिरेवर तसाच खड्डा, तसाच थेंब. तिसऱ्यालाही. फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांवर बाहेरच्या बाजूला तसेच थेंब होते. मी बोटाचं टोक लावलं आणि जिभेवर ठेवलं.

गोड होतं.

मी तिथेच उकिडवी बसले. फुलात मध असतो हे पोरंसोरंही जाणतात, पण हा पानावर, बोंडाबाहेर, फुलाशी काही संबंध नसलेल्या जागी. तो कोणासाठी? एवढ्यात वरच्या फांदीवर एक बारकी अळी, तांदळाच्या कणीएवढी, पात्याकडे सरकत होती. दोन काळ्या मुंग्यांनी तिला गाठलं. एकीनं टोचलं, दुसरीनं धरलं. अळीनं अंग झाडलं आणि खाली पडली. मुंग्या परत थेंबाकडे गेल्या. त्यांनी काही फार मोठी राखण केली असं नाही. आपल्या ताटाजवळ कोणी आलेलं त्यांना खपत नव्हतं, एवढंच.

झाड आपल्या घरचं गोडधोड घालून राखणदार पोसत होतं. मी पलीकडे त्याहून भारी पंगत मांडली, रोज, वेळेवर, पितळी वाटीतून. राखणदार पंगतीला गेले आणि बोंडं अळ्यांनी खाल्ली. यात रोग नव्हता, नशीब नव्हतं. यात मी होते.

दिवसभर मला काही सुचलं नाही. सांगावं की सांगू नये? कोणाला कळलं नसतं. काकूंनी रोगावर खापर फोडून ठेवलेलंच होतं, आणि माझा पायगुणही शाबूत राहिला असता. मला भीती वाटत होती हे खरं. रागावण्याची नव्हे, मामंजी रागावले असते तर मी उलट बोलून मोकळी झाले असते. भीती ही, की ते काहीच बोलणार नाहीत, मला माफ करतील आणि मनातल्या मनात त्या सोळा हजारांकडे बघत राहतील. न पाहिलेल्या सासूचीही लाज वाटली. त्यांनी भांड्याचं पाणी घालून जगवलेलं झाड मी साखर घालून बुडवलं होतं.

संध्याकाळी मामंजी देवळातून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. साखर, पीठ, थेंब, अळी, सगळं. शेवटी मी म्हणाले, “माझ्यामुळे झालं, मामंजी.”

त्यांनी परसाकडे पाहिलं. मग म्हणाले, “दाव.”

उजेड होता अजून. मी पान उलटून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांशी नेलं, मग थेंब बोटावर घेतला आणि चाखला. पुन्हा चाखला. दुसऱ्या पानावरचाही. कापसाची प्रत बघताना ते असेच दोनदा बघत असतील.

“चाळीस वर्सं,” ते म्हणाले. “चाळीस वर्सं कापसात गेली आन् ह्ये ठाऊक न्हाई. आमच्याकडं कापूस यायचा तवर झाड मागं ऱ्हायलेलं असायचं.”

मग ते धुण्याच्या दगडावर बसले. “आता ध्येनात आलं ती काय बोलल्ती,” ते म्हणाले. “पावडर हिसकून घेतली तवा. म्हनली, ती झाडानं ठिवलेली मानसं हायती, तुमी त्यांच्या वाटंला जाऊ नका. मला वाटलं, बाईमानूस हाय, मुंग्यांची दया आली आसंल. हसलो मी.”

त्यांचे डोळे भरले होते. माझेही. आम्ही दोघं त्या दगडापाशी होतो आणि आमच्या पायाजवळून चार-दोन मुंग्या जुन्या सवयीनं साखर शोधत हिंडत होत्या. 

“व्हय पोरी, तुज्यामुळं झालं,” ते शेवटी म्हणाले. “आन् सापडलं बी तुज्यामुळं. आता साखर चहात घाल.”

त्यानंतर मी मुंग्यांना दाणा घातला नाही, निदान परसात तरी नाही. झाडाला रोज दोन बादल्या पाणी घालायचं काम माझ्याकडे घेतलं. किडकी बोंडं काढून जाळली, पण मामंजींनी त्यांतला कापूस आधी काढून एका फडक्यात बांधून ठेवला. का, ते मी विचारलं नाही. दोन आठवड्यांत बुंध्यावरची रांग पहिल्यासारखी चालू झाली. होळीच्या सुमाराला, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, झाडानं नवी पाती धरली. पिवळी फुलं आली, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन गळाली आणि मागे हिरवी बोंडं राहिली. मी रोज पानं उलटून थेंब बघायची. कोवळ्या पानावर जास्त, जून पानावर कमी. आमचे हे म्हणायचे, “बायको माहेरी पत्र कमी लिहिते आणि मुंग्यांशी जास्त बोलते.”

मुंगळ्यांसाठी मी फक्त एक केलं. मामंजींच्या तर्जनीला जुन्या धोतराची पट्टी बांधून दिली. ही साधी गोष्ट पहिल्या दिवशी सुचली असती तर एवढं रामायण झालंच नसतं. पण साध्या गोष्टी सुचायला मॅट्रिकच्या पुढे शिकावं लागतं.

उन्हाळ्यात राजूरला गेले तेव्हा मला नवाच नाद लागलेला होता. भावाच्या दाराशी एरंड होता. त्याच्या पानाच्या देठावर बारीक गाठी दिसल्या, त्यांवर थेंब, आणि थेंबावर मुंग्या. लहानपणापासून तो एरंड मी पाहिला होता, त्याच्या पानात भाकरी गुंडाळून नेली होती. आईला दाखवलं. ती म्हणाली, “मग? चवळीला पण असतं तसं, शेंगेच्या बुडाशी.” आईला ठाऊक होतं. सासूबाईंना ठाऊक होतं. मॅट्रिकचं पुस्तक तेवढं बिचारं अडाणी. पुढे माझ्या मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात मला त्या खड्ड्यांचं नाव सापडलं, मधुग्रंथी. नाव वाचून मला बरं वाटलं, ओळखीच्या माणसाचं नाव उशिरा कळावं तसं.

वैशाखापासून नवी बोंडं उमलली. पांढरी, भरलेली. देवकापसाच्या सरक्या एकमेकींना चिकटून असतात, एकदम लगडीनं निघतात, त्यामुळे कापूस पिंजायला सोपा. मी सरक्या काढून द्यायची आणि मामंजी वळायचे. वात मात्र एकही मला वळू देत नसत. “सरकी काड. वात न्हाई. वात तिची, न्हाईतर माझी.” पावसाळाभर ते दारात बसून वळत राहिले. खोकला आला की थांबायचे, राख झटकायचे, पाणी प्यायचे आणि पुन्हा सुरू. जुड्या डब्यांत पडत होत्या. आश्विनात झाडावर कापूस संपला तेव्हा मोजदाद केली. सहाशे वाती कमी होत्या.

सहाशे. माझ्या साखरेनं खाल्ल्या त्या, मला दुसरा शब्द सुचला नाही.

मामंजी उठले आणि खुंटीवरचं ते फडकं काढून आणलं. आत संक्रांतीची कवडी. त्यांनी ती तरटावर पसरली आणि एकेक बोंडाच्या लगद्यातून धागा धागा वेचायला सुरुवात केली. डागी भाग टाकायचा, पांढरा ठेवायचा. जो कापूस त्यांनी आयुष्यभर एका नजरेत फेकला, त्यात आता ते नाक खुपसून बसले होते. तरी वाती थोड्या पिवळट झाल्याच.

“देवाला कवडी चालते का?” मी विचारलं.

“देवाला इचारलं न्हाई. तिला चालली आसती.”

बारा दिवस लागले. त्रिपुरीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी शेवटची वात वळली आणि हात धुतले. त्यांनी नेहमीसारखा चहा मागितला. मी त्यात दोन चमचे साखर घातली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी, दिवेलागणीला, आम्ही सगळे डबे देवळात नेले. तूप तीन घरांतून जमवलं होतं. मोठ्या परातीत वाती भिजवल्या. जे पुरुष हसले होते ते परात धरायला पुढे आले, आणि हळदीकुंकवाचं विचारणारा गृहस्थ तर सगळ्यात पुढे होता. मामंजींनी काडी लावली. आधी कडेच्या चार पेटल्या, मग सगळी परात एकदम. एवढ्या उष्णतेजवळ उभं राहवेना म्हणून सगळे मागे सरले. मामंजी सरले नाहीत. त्यांच्या चष्म्यात जाळ दिसत होता. पिवळट वाती कोणत्या आणि पांढऱ्या कोणत्या, ते मी शोधत होते. मला सापडल्या नाहीत.

घरी आल्यावर ते सरळ परसात गेले. खोकला येईल म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेले आणि दारातच थांबले. चांदणं पडलं होतं. मामंजी झाडापाशी उभे होते. पट्टी बांधायचं ते बोट त्यांनी एका पानावर ठेवलं होतं.

“झालं बरं का,” ते झाडाकडे बघून हळू म्हणाले. “जरा उशीर लागला. सूनबाईनं लई हातभार लावला.”

पुढचं येणार असं मला वाटत होतं. बोंडं, अळ्या, कवडी. ते वळले, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि पाणी प्याले.

त्यानंतर मामंजी आणखी सात वर्षं होते. दर संध्याकाळी ते झाडापाशी जाऊन दिवसभराचं काही ना काही सासूबाईंना सांगायचे. साखरेचं तेवढं त्यांनी कधीच सांगितलं नाही.